बिदागी नको, तिकीट लावू

कॅफेतून तुमच्या बँडला पहिला फोन आला होता तो आठवा. शनिवारी संध्याकाळी या, दोन तास वाजवा, साउंड तुमचाच आणा आणि हो, मित्रमंडळींनाही घेऊन या. पैशांचं विचारलंत की पलीकडे जरा शांतता. मग कळतं की जेवण त्यांच्याकडून आहे आणि एक्स्पोजर तर मिळणारच आहे. तुम्ही हो म्हणता, कारण नाही म्हटलं तर दुसरा बँड रांगेत उभाच असतो. रात्री रिक्षाचे पैसे आपल्याच खिशातून जातात.

अशा वेळी तुम्हाला एका माणसाची आठवण करून द्यावीशी वाटते. गिटार त्याने कधी हातात धरली नसेल. पण गाणाऱ्याला पैसे कोणी द्यायचे, कशाबद्दल द्यायचे आणि कोणत्या तोऱ्यात द्यायचे, हा प्रश्न त्याने सव्वाशे वर्षांपूर्वी अंगावर घेतला. लहानपणी गाण्याच्या किंवा तबल्याच्या परीक्षा दिल्या असतील, तर विष्णु दिगंबर पलुस्कर हे नाव तुम्ही ऐकलेलं आहे. भिंतीवरच्या फोटोतले, फेटा आणि भरघोस मिशा असलेले ते बुवा.

जन्म 18 ऑगस्ट 1872, गाव कुरुंदवाड. वडील कीर्तनकार. दत्तजयंतीच्या दिवशी फटाका तोंडाजवळ फुटला आणि मुलाची नजर अधू झाली. शाळा सुटली. आता या मुलाने करायचं काय, तर गळा बरा आहे, गाणं शिकू दे, असं ठरलं. म्हणजे गाणं हे करिअर म्हणून निवडलेलं नव्हतंच, उरलेला पर्याय होता. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे तो शिकायला राहिला. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे ते बुवा. मिरजेच्या राजेसाहेबांचा आश्रय असल्यामुळे मुलाच्या खाण्यापिण्याची सोय झाली.

तिथे एक प्रसंग घडला, असं सांगतात. गावात एक मोठा समारंभ होता. विष्णुबुवांना बोलावणं आलं, कारण ते राजेसाहेबांच्या मर्जीतले. त्यांच्या गुरूंना मात्र आलं नाही. का, तर ते काय, गवई! तुम्ही ज्यांच्यापुढे वाकून शिकता, त्यांना गावातले प्रतिष्ठित लोक पंगतीला बसवायला तयार नाहीत, हे त्या तरुणाला फार लागलं.

तेव्हाचा हिशेब कसा चालायचा तेही बघा. गवई दरबारात किंवा कुणा श्रीमंताच्या वाड्यावर गायचा. कधी गायचं ते यजमान ठरवणार. बैठक सुरू व्हायची वेळ म्हणजे यजमानांची झोप किंवा जेवण उरकण्याची वेळ. आवडलं तर बिदागी बरी, नाहीतर नारळ. रक्कम आधी ठरवणं म्हणजे उद्धटपणा. घरातल्या नोकरांच्या यादीत गवयाचं नाव असायचं, पगारही तसाच. आपल्याला ‘मानधन’ हा शब्द अजून इतका आवडतो, त्याचं मूळ कदाचित इथेच असेल. मान द्यायचा म्हटलं की धनाचा आकडा विचारायची सोय राहत नाही.

1896 मध्ये विष्णुबुवांनी मिरज सोडलं. सातारा, बडोदा करत ते काठियावाडात पोचले आणि तिथे त्यांनी त्या काळात वेडेपणा वाटावा अशी गोष्ट केली. जाहीर जलसा ठेवला आणि तिकीट लावलं. थोडे पैसे द्या आणि ऐकायला या, मग तुम्ही संस्थानिक असा की कारकून. संस्थानिकांनी पदरी ठेवण्याची तयारी दाखवली होती, पण बुवा पुढे निघाले.

तिकिटाने काय बदललं? पैसे आधी घेतले की गाणाऱ्याला वेळेवर सुरू करावं लागतं. ऐकणाऱ्यालाही वेळेवर यावं लागतं. मध्येच उठून पान खायला जाणं, गप्पा हाणणं, हे चालेनासं होतं. बुवा वक्तशीरपणाबद्दल प्रसिद्ध होते. आपल्याकडचे बँड नेमके इथे मार खातात, हे आपल्याआपल्यात कबूल करायला हरकत नाही. सातचा साउंडचेक, ड्रमर उगवतो आठला, आणि मग मॅनेजरने हात आखडला की आपण कलेची कदर नाही म्हणून रडतो.

5 मे 1901 रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. संस्थानिकाच्या खजिन्यावर नाही, तर लोकांच्या देणग्या, फी आणि जलशांच्या उत्पन्नावर. अभ्यासक्रम, वर्ग, परीक्षा, छापलेली पुस्तकं. गरीब पण गुणी मुलांना ठेवून घ्यायचं, त्यांच्याशी ठरावीक वर्षांचा करार करायचा, जेवणखाण आणि शिक्षण संस्थेचं, बदल्यात पुढे त्यांनी शिकवायचं. गुरूच्या घरी पाणी भरत शिकलेल्या माणसाने शिष्याशी करार करावा, ही साधी गोष्ट नव्हती. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास ही सगळी याच शाळेतली मुलं.

एक गोष्ट मात्र खटकते. गाण्याला प्रतिष्ठा देताना बुवांनी शृंगाराचे शब्द बाजूला सारले, भक्तीचे आणले, आणि सभ्य घरातल्या मुलामुलींसाठी दार उघडलं. पण आपला आकडा आधी सांगून गाणाऱ्या बायका त्यांच्याआधीही होत्या. कलकत्त्याच्या गौहरजानने 1902 मध्ये ग्रामोफोन कंपनीसाठी गाणी भरली, तेव्हा तिला पैशांबद्दल कुणी शिकवायची गरज नव्हती. नव्या प्रतिष्ठित सभागृहात या बायकांना जागा मिळणं अवघडच झालं. फोटोला हार घालताना हे विसरून चालत नाही.

1908 मध्ये बुवा मुंबईला आले. शाळा वाढली. मग त्यांनी ठरवलं की भाड्याच्या जागा पुरे, स्वतःची इमारत हवी. सँडहर्स्ट रोडवर ती उभी राहिली, वर्ग, वसतिगृह सगळं आलं. पैसा कर्जाऊ. आता बुवा काउंटरच्या दोन्ही बाजूंना उभे होते. गाणारेही तेच आणि जागेचे मालकही तेच. कॅफेवाल्याची जी रडकथा तुम्ही ऐकता, म्हणजे भाडं, हप्ते, पोरांचे पगार, ती त्यांच्याही वाट्याला आली. गावोगाव जलसे करायचे आणि मिळकत कर्जात घालायची. तिकिटाने गवयाचं पोट भरत होतं, पण फुकट जेवणारे एवढे विद्यार्थी आणि वर व्याज, हे एका गळ्याच्या कमाईत बसेना. देणेकऱ्यांनी जप्ती आणली आणि 1924च्या सुमारास इमारत लिलावात गेली.

बुवा मग नाशिकला रामनामात रमले, भजनं गात राहिले. 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेला, जिथून निघाले होते तिथेच, ते गेले. मुलगा दत्तात्रेय तेव्हा दहा वर्षांचा होता. पुढे तोच डी. व्ही. पलुस्कर म्हणून देशभर गाजला.

इमारत गेली होती, पण करारावर घेतलेली मुलं आता कमावती झाली होती. त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं, पुढच्या वर्षी विनायकरावांनी पुण्यात शाळा काढली. तुमच्या कपाटात कुठेतरी प्रवेशिकेचं जे प्रमाणपत्र पडलंय ना, ते बहुतेक याच मंडळाचं असेल. तुमच्या आईने त्या परीक्षेची फी भरली होती, गावातल्या सरांनी तुमच्याकडून महिन्याच्या महिन्याला घेतली होती, आणि सर गवई आहेत म्हणून त्यांना पंगतीतून कुणी उठवलं नव्हतं.