इंग्रज ज्यांना चाचा म्हणायचे, त्या कान्होजी आंग्रेंनी गव्हर्नरला पत्रातून काय सुनावलं होतं?

अलिबागच्या समुद्रात कुलाबा किल्ला आहे. ओहोटी लागली की किनाऱ्यावरून चालत तिथे जाता येतं. हाच किल्ला अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कान्होजी आंग्रे यांच्या ताब्यात होता आणि इथून थोड्याच अंतरावर, मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर बसायचा.

दोघं शेजारी. दोघांकडे जहाजं, दोघांकडे तोफा. दोघांमध्ये पत्रव्यवहारही चालायचा. तरी त्यांचं कधीच जमलं नाही. त्यामागे पैसा आणि सत्ता तर होतीच, पण आणखी एक कारण होतं. दोघं स्वतःला जे समजत होते, ते समोरच्याला मान्यच नव्हतं.

कान्होजी स्वतःला समजायचे सरखेल, म्हणजे स्वराज्याच्या आरमाराचे प्रमुख. सिधोजी गुजरांनंतर ही जबाबदारी त्यांच्याकडे आली होती. कोकणचा समुद्र हा स्वराज्याचा भाग आहे, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे इथून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने आपल्याकडून दस्तक, म्हणजे परवाना घ्यावा, असा त्यांचा नियम होता. दस्तक नसेल तर जहाज जप्त.

ही पद्धत काही त्यांनी शोधलेली नव्हती. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून या समुद्रात परवान्याची सक्ती करत होते. कंपनीही आपल्या झेंड्याखालच्या जहाजांना पास द्यायची. फरक इतकाच, की कंपनीने केलं की तो व्यापाराचा कायदा आणि कान्होजींनी केलं की ती चाचेगिरी.

१७१२ मध्ये कान्होजींच्या आरमाराने मुंबईच्या गव्हर्नरचं खासगी जहाज पकडलं. या चकमकीत कारवारच्या वखारीचा प्रमुख मारला गेला आणि त्याची तरुण बायको कैदेत सापडली. कंपनीने ३० हजार रुपये मोजून १७१३ मध्ये तिची सुटका करून घेतली. दोन्ही बाजूंत तहही झाला.

पण तह टिकला नाही. इंग्रजांच्या झेंड्याखाली जाणारं हिंदी व्यापाऱ्यांचं जहाज नेमकं कुणाचं, यावरून वाद सुरू झाला. कंपनी म्हणायची आमचं, कान्होजी म्हणायचे तुमचं नाही. कागद एकच होता, पण वाचणारा प्रत्येक जण स्वतःच्या खुर्चीवरून वाचत होता.

मग कान्होजींशी बोलणी होऊच शकत नव्हती का?

तर तसंही नाही. त्याच काळात ते ताराराणींच्या बाजूने होते. शाहू महाराजांनी त्यांच्यावर पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना पाठवलं, तर कान्होजींनी त्यांनाच कैद केलं. त्यानंतर बोलणी करायला आले बाळाजी विश्वनाथ. ते मूळचे श्रीवर्धनचे, म्हणजे याच किनाऱ्यावरचे. आंग्रेंचा मान कशात आहे, हे त्यांना ठाऊक होतं. १७१४ मध्ये समेट झाला. कान्होजींनी शाहूंना छत्रपती मानलं आणि पिंगळ्यांना सोडलं. शाहूंनी त्यांचं सरखेलपद कायम केलं.

माणूस तोच, हट्टही तोच. पण समोरच्याने त्यांना सरखेल मानून बोलणी केली आणि लढाईचं काम चर्चेने झालं.

मुंबईला मात्र हे जमलं नाही. गव्हर्नर चार्ल्स बून यांनी १७१८ मध्ये खांदेरीवर हल्ला केला, तो फसला. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर चालून आले. तोही डाव फसला. उलट हे दोन मित्रच एकमेकांवर खापर फोडू लागले. कान्होजींच्या मदतीला बाजीराव आले आणि पोर्तुगीजांनी वेगळा तह करून काढता पाय घेतला.

१७२४ च्या सुमारास गव्हर्नर विल्यम फिप्स यांच्याशी पुन्हा पत्रव्यवहार झाला. कान्होजींचं राज्य लुटीवर चालतं, असा कंपनीचा सूर होता. उत्तर लिहिताना कान्होजींनी ना माफी मागितली, ना शिवीगाळ केली. दुसऱ्याचं घ्यायची हाव व्यापाऱ्यांनाही सुटलेली नाही, ही जगाची रीतच आहे, असं त्यांनी सुनावलं. शिवाजी महाराजांनी चार पातशहांशी झुंजून राज्य उभं केलं, आपली सुरुवात तिथून आहे, याची आठवण करून दिली. थोडक्यात, व्यापाऱ्याने राज्यकर्त्याला नीती शिकवू नये, हा त्या पत्राचा रोख होता.

हे उत्तर बिनतोड होतं, पण त्याने तह झाला नाही. कारण गव्हर्नर स्वतःला प्रामाणिक व्यापारी समजत होता आणि कान्होजी राज्याचे अधिकारी. आपली ओळख सोडायला कुणीच तयार नव्हतं.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचं निधन झालं. तोवर इंग्रजांना त्यांचा एकही मोठा किल्ला जिंकता आला नव्हता. त्यांची समाधी अलिबागमध्ये आहे.

पुढे कित्येक इंग्रजी पुस्तकांनी त्यांना चाचाच ठरवलं. पण कंपनीचा कारभार जिथून चालायचा, तो मुंबईचा जुना किल्ला आज भारतीय नौदलाच्या तळात आहे. १९५१ मध्ये या तळाला नाव देण्यात आलं, आयएनएस आंग्रे.