फादर थॉमस स्टीफन्स : परभाषेचे विद्यार्थी

आपल्या यवतमाळात आज पुष्कळ आईबाप पोटाला चिमटा घेऊन मुलांसाठी इंग्रजीची खाजगी शिकवणी ठेवतात. ही धडपड स्तुत्यच होय. तथापि या महोत्सवप्रसंगी ज्यांची मातृभाषाच इंग्रजी होती आणि जे आपल्या भाषेचे विद्यार्थी झाले, अशा एका धर्मगुरूचे चरित्र आठवणे उचित होईल.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडातील विल्टशायर परगण्यात झाला. एलिझाबेथ राणीच्या त्या राज्यात कॅथोलिक उपासनेस बंदी होती. त्यांचे स्नेही थॉमस पाउंड यांस श्रद्धेपायी तुरुंगवास घडला. स्टीफन्स यांनी रोमची वाट धरली व १५७५ साली ते येशूसंघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी त्यांनी लिस्बन सोडले आणि २४ ऑक्टोबर रोजी ते गोव्यास उतरले. मायदेशी ते पुन्हा कधीच गेले नाहीत. पुढील सुमारे चाळीस वर्षे त्यांनी गोमंतकात, बहुतांशी साष्टी प्रांतात वेचली.

साष्टीची घरगुती बोली कोंकणी. पुराणे व अभंग मात्र मराठीत. परकीयास या भाषा शिकविणारे छापील व्याकरण त्या काळी एकही नव्हते. जे शिकावयाचे ते माणसांच्या तोंडूनच. लॅटिन जाणणारा हा विद्वान लहान मुलासारखा परक्यांचे शब्द ऐकू लागला. १५८३ साली त्यांनी आपल्या भावास पत्र लिहिले, त्यात येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन यांच्याशी मिळतीजुळती असल्याचे नमूद केले. सर विल्यम जोन्स यांनी संस्कृतविषयी असेच प्रतिपादन केले ते १७८६ साली, म्हणजे दोन शतकांनंतर. त्याच १५८३ साली राल्फ फिच आदी इंग्रज व्यापारी गोव्यात बंदीत पडले असता त्यांच्या सुटकेसाठीही स्टीफन्स यांनी खटपट केली. नवी भाषा शिकताना जुनी भाषा व जुने देशबांधव यांना ते विसरले नव्हते.

स्वतःस जे कष्ट पडले ते मागून येणाऱ्यांस पडू नयेत, या हेतूने त्यांनी पोर्तुगीज भाषेत कोंकणीचे व्याकरण लिहिले. फादर दियोगु रिबैरू व इतर धर्मगुरूंनी त्यात भर घातली आणि १६४० साली ते रायतूर येथे छापले गेले. त्यांचे कोंकणी धर्मशिक्षणाचे पुस्तक १६२२ साली निघाले. त्याची मांडणी गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांची आहे. एकाने विचारावे, दुसऱ्याने समजावावे, ही शिकवणीची जुनीच रीत.

त्यांचा कीर्तिस्तंभ म्हणजे १६१६ साली प्रसिद्ध झालेले मराठी ख्रिस्तपुराण. नव्या ख्रिस्ती लोकांस पूर्वीचे ग्रंथ वाचण्याची मनाई झाली होती. जुने गेले आणि हाती नवे काहीच नाही, अशी त्यांची स्थिती होती. ग्रंथाच्या आरंभीच एक ब्राह्मण ख्रिस्ती पाद्रीगुरूंसमोर हेच गाऱ्हाणे मांडतो व आपल्या भाषेत एखादे पुराण मागतो. गुरूने त्याला गप्प बसविले नाही. शिष्याच्या त्या मागणीतून सुमारे ११,००० ओव्यांचा ग्रंथ उभा राहिला.

एक इच्छा मात्र अपुरी राहिली. या देशाच्या लिपीत छपाई व्हावी म्हणून १६०८ साली त्यांनी रोमला आपल्या संघप्रमुखांस लिहिले. परंतु ते घडले नाही आणि ग्रंथ रोमन अक्षरांतच निघाला. १६१९ साली त्यांनी गोव्यातच देह ठेवला. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकून देशी भाषा सोडावी, असा हुकूम काढला. स्टीफन्स यांनी परकीयास प्रजेची भाषा शिकविली. या हुकमाने प्रजेकडून तिची भाषा हिरावू पाहिली. अखेर १९५६ साली पुण्यात ख्रिस्तपुराण देवनागरी लिपीत छापून आले. तोवर त्यांच्या विनंतीस ३४८ वर्षे लोटली होती.

वाचकहो, या चरित्राचा बोध आधी आम्हां धर्मगुरूंस लागू आहे. आपल्या जिल्ह्यात वऱ्हाडीबरोबर बंजारा, गोंडी व कोलामी या भाषाही नांदतात. प्रवचन करावयास आम्ही सदैव तयार असतो. परंतु कोलाम म्हातारीजवळ बसून तिच्या भाषेतले चार शब्द शिकावयास आम्हांपैकी कितीजण तयार आहेत? या प्रश्नाने प्रस्तुत लेखक स्वतःच खजील होतो. पालकांसही एक विनंती आहे. मुलांस इंग्रजी अवश्य शिकवा, उत्तम शिकवा; मात्र त्यापायी त्यांस आजीच्या बोलीची लाज वाटू देऊ नका. परभाषा शिकताना घरची भाषा टाकावी लागत नाही, हे विल्टशायरच्या या पाद्रीबाबांनी आपल्या चाळीस वर्षांच्या सेवेने दाखविले आहे. त्यांच्या नम्र विद्यार्थीपणाचा काही अंश परमेश्वर आपणां सर्वांस देवो.