लक्ष्मणराव किर्लोस्कर : नांगराआधीची पंधरा वर्षे

साखळीहून केरी मागे टाकून चोर्ला घाट चढलो की पुढे बेळगाव. लग्नाचा बस्ता असो, दवाखाना असो की मुलांचे शिक्षण, आपल्या भागातील माणसाला बेळगाव कधी परके वाटले नाही. त्याच बेळगावात सायकलींच्या एका छोट्या दुकानापासून किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात झाली. आपल्या कुळागरांत आणि भातशेतीत किर्लोस्करचा पंप सर्वांनी पाहिलेला आहे, पण त्या नावामागचा माणूस नांगरापर्यंत कसा पोचला, हे फारसे सांगितले जात नाही.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील वेदान्ताचे अभ्यासक. लक्ष्मणरावांचे मन मात्र शाळेच्या पुस्तकांत रमत नसे. त्यांना चित्रे काढायची आणि यंत्रांची मोडतोड-जोडणी करायची आवड होती. थोरले बंधू रामूअण्णा यांच्या पाठिंब्याने 1885 मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कला शाळेत दाखल झाले. दोनेक वर्षांनी लक्षात आले की काही रंगांतील फरक त्यांच्या डोळ्यांना कळत नाही. चित्रकार होण्याचे स्वप्न तिथेच संपले. पण रेघेवरचा हात पक्का होता. त्यांनी यंत्रांची रेखाचित्रे काढण्याची विद्या हस्तगत केली आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी धरली. संस्थेच्या कार्यशाळेत यंत्रे हाताळायला मिळाली, ती त्यांची खरी शाळा.

नोकरी चालू असतानाच त्यांचा धंद्याचा शोध सुरू झाला. मुंबईत एका पारशी गृहस्थाला सायकलवरून जाताना त्यांनी पाहिले आणि ही वस्तू विकता येईल असे त्यांना वाटले. 1888 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स हे नाव लागले. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या आणि रामूअण्णांनी बेळगावात विकायच्या, अशी वाटणी झाली. सायकलची किंमत 700 ते 1000 रुपये, आणि चालवायला शिकवण्याचे 15 रुपये वेगळे. एवढी रक्कम देऊ शकणारे गिऱ्हाईक त्या काळी किती असणार? धंदा बरा होता, पण वाढण्याला मर्यादा होती, आणि माल दुसऱ्याने बनवलेला होता. मुंबईत त्यांनी बटणे आणि औषधाच्या गोळ्यांच्या डब्या बनवूनही पाहिल्या. पुढे नोकरीतील बढती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली, तेव्हा राजीनामा देऊन ते बेळगावला परतले. तिथे पवनचक्क्यांची एजन्सीही करून झाली.

वरवर पाहणाऱ्याला हा धरसोडपणा वाटेल. पण नीट पाहिले तर प्रत्येक धंद्यातून ते काहीतरी शिकून बाहेर पडले, आणि बुडण्याइतके भांडवल त्यांनी कुठेही अडकवले नाही. सायकलीतून विक्री कळली, डब्या-बटणांतून उत्पादन कळले, पवनचक्कीतून शेतकऱ्याची गरज कळली. आपल्या भोवतालचा बहुतेक माणूस शेतकरी आहे, तो रोज वापरतो ती अवजारे जुनी आहेत आणि चांगली अवजारे परदेशातून येतात, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. परदेशी मासिके आणि पुस्तके वाचून त्यांनी यंत्रांची माहिती मिळवली. आधी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. मग 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर आला.

शोध बरोबर असला तरी गिऱ्हाईक लगेच तयार झाले नाही. लोखंडाने जमिनीला विष बाधते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला माल खपायला दोन वर्षे लागली. इथे मात्र लक्ष्मणरावांनी धंदा बदलला नाही. सायकल सोडणारा माणूस नांगराला चिकटून राहिला, कारण या वेळी गरज खरी आहे याची त्यांना खात्री होती. अडचण फक्त समजुतीची होती, आणि समजूत बदलता येते.

1910 मध्ये नवी वसाहत उभारायची म्हणून बेळगाव नगरपालिकेने त्यांना कारखान्याची जागा सोडायला लावली. त्या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर माळजमीन आणि 10,000 रुपयांचे कर्ज त्यांनी दिले. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. तिथे अस्पृश्यता पाळायची नाही, असा लक्ष्मणरावांचा दंडक होता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही त्यांनी विश्वासाने कामावर ठेवले.

पहिल्या महायुद्धात लोखंड आणि कोळसा मिळेनासा झाला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्यांच्या लोखंडाचे नांगर झाले. 1920 मध्ये मर्यादित कंपनी स्थापन झाली. उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे, पंप अशी भर पडत गेली. पुत्र शंतनुराव अमेरिकेतील एमआयटीमध्ये शिकून आले. पुढे हरिहर, पुणे आणि बंगळूर येथे कारखाने उभे राहिले. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीला, 1969 मध्ये, भारत सरकारने टपाल तिकीट काढले.

हे आज लिहावेसे वाटले त्याला कारण आहे. बँकेत कर्जाचे अर्ज तपासताना आपल्या डिचोली तालुक्यातील कितीतरी तरुणांचा प्रकल्प एकाच ओळीचा असायचा : शेजाऱ्याने ट्रक घेतला, मलाही घ्यायचा आहे. खाणी चालू होत्या तोवर हप्तेही नियमित येत. मंजुरीच्या कागदावर माझीही सही असे, आणि खाण थांबली तर काय, हा प्रश्न मी विचारल्याचे मला आठवत नाही. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या आणि दारात उभे ट्रक, वर हप्ते, अशी घरे आपण सगळ्यांनी पाहिली. गिऱ्हाईक एकच होते, आणि तेच उठून गेले.

आता आपली मुले विचारतात, कोणता धंदा करू? त्याचे तयार उत्तर माझ्याकडे नाही. काजू, नारळ, कुळागरातील माल, पर्यटन, दुरुस्तीची कामे, वाटा पुष्कळ आहेत. पण कर्जाचा अर्ज भरण्याआधी वर्षभर थोड्या पैशांत करून पाहावे, दहा गिऱ्हाइकांना प्रत्यक्ष भेटावे, आणि यातले एक गिऱ्हाईक गेले तर आपण उभे राहू का, एवढे स्वतःला विचारावे. लक्ष्मणरावांनी या शोधाला पंधरा वर्षे दिली. आपल्या मुलांनी एक वर्ष दिले, तर घरच्यांनी तो वेळ फुकट गेला असे म्हणू नये.