सर जोसेफ भोर : आजाऱ्यांच्या यादीतील राहून गेलेली नावे

बडोद्यात कारेलीबागेत सरकारी मनोरुग्णालय आहे. त्या बाजूने जाणे झाले की आम्हांला सर जोसेफ विल्यम भोर यांची आठवण होते. ते बडोद्याचे नव्हते, डॉक्टरही नव्हते. पण मनाच्या आजाराचा विचार देशाच्या आरोग्याच्या योजनेत करणारी समिती त्यांच्या अध्यक्षतेखाली बसली होती.

भोर यांचा जन्म ६ एप्रिल १८७८ रोजी नाशिक येथे एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. पुण्यास व पुढे लंडनला शिकून १९०२ साली ते आय.सी.एस. झाले. १९१४ ते १९१९ पर्यंत ते कोचीन संस्थानचे दिवाण होते. नंतर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्यांनी व्यापार व रेल्वे ही खाती सांभाळली. त्यांच्या पत्नी मार्गरेटबाई डॉक्टर होत्या.

१९४३ साली, पासष्टाव्या वर्षी, आरोग्य पाहणी व विकास समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. महायुद्ध चालू होते. बंगालमध्ये माणसे अन्नावाचून मरत होती. १९४६ साली समितीचा अहवाल निघाला. खेड्यापाड्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रे ही कल्पना त्यातूनच रुजली, हे पुष्कळांना ठाऊक आहे. मनाच्या आजाराचाही त्यात स्वतंत्र विचार होता, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

समितीने रांचीचे कर्नल मूर टेलर यांच्याकडून मनोरुग्णालयांची पाहणी करविली. बहुतेक रुग्णालये रोग्याला बरे करण्यासाठी नव्हे, तर कोंडून ठेवण्यासाठी बांधलेली आढळली. इंग्लंडात सुमारे ३०० लोकांमागे एक खाट होती. आपल्याकडे सुमारे ४०,००० लोकांमागे एक. केंद्रात व प्रांतांत मानसिक आरोग्याची यंत्रणा उभारावी, रुग्णालये सुधारावीत, डॉक्टरांना या विषयाचे शिक्षण द्यावे, असे समितीने सुचविले. १९५४ साली बंगलोरला अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली. तिच्यातूनच १९७४ साली निमहान्स ही संस्था झाली.

भोर १५ ऑगस्ट १९६० रोजी वारले. त्यांच्या अहवालात गावचे आरोग्य केंद्र एका प्रकरणात होते आणि मनाचा रोगी दुसऱ्या. ही दोन प्रकरणे जोडली गेली ती १९८२ सालच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमात. रोग्याला दूरच्या रुग्णालयात न धाडता त्याच्या गावाजवळच औषध मिळावे, हा त्याचा हेतू. आरोग्य केंद्रातील डॉक्टर व सेवक हे काम शिकू शकतात का, याची पाहणी बंगलोर, कलकत्ता, पतियाळा आणि आमचे बडोदे अशा चार ठिकाणी झाली. तिचा अहवाल १९८७ साली निघाला. जिल्हावार कार्यक्रम सुरू व्हायला मात्र १९९६ साल उजाडले.

भोर यांच्या अहवालानंतर अर्धे शतक लोटले होते. हा उशीर सगळा सरकारचाच होता, असे आम्हांला म्हणवत नाही. मंडळीत प्रार्थनेसाठी आजाऱ्यांची नावे दिली जातात. मधुमेहाचा, हृदयविकाराचा रोगी त्यांत असतो. पण ज्याचे मन आजारी आहे त्याचे नाव घरचीच माणसे देत नाहीत, आणि आम्हीही कधी विचारीत नाही. त्याला योग्य वेळी डॉक्टरकडे नेणारे कोणी मिळत नाही, ते यामुळेच. भोर यांच्या समितीने या रोग्यांना देशाच्या यादीत घेतले. आपल्या मंडळीच्या यादीत त्यांना घ्यायला कोणत्या अहवालाची वाट पाहायची?