ट्रोल्डहाउगनचे संगीतकार : एडवर्ड ग्रीग

उन्हाळ्याच्या सुटीत युरोपचा प्रवास करणारे आपले समाजबांधव आता पुष्कळ झाले आहेत. लंडन, पॅरिस, रोम ही शहरे बहुतेकांनी पाहिलेली असतात. उत्तरेस नॉर्वेपर्यंत जाणारे मात्र थोडे, आणि जे जातात ते डोंगर, धबधबे व डोंगरांत दूरवर शिरलेल्या समुद्राच्या खाड्या पाहून परततात. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर बर्गन नावाचे जुने बंदर आहे. त्याच्या आसपास तीन संगीतकारांची घरे त्यांच्या स्मरणार्थ जपून ठेवली आहेत. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध घर एडवर्ड ग्रीग यांचे. त्याचे नाव ट्रोल्डहाउगन, म्हणजे राक्षसांची टेकडी. ते घर आम्ही पाहिले आहे. या लहानखुऱ्या माणसाची ओळख आपल्या वाचकांना असावी असे आम्हांस वाटते. कारण संगीताचे तर आहेच, पण त्याहून आपल्या अधिक जवळचे असे एक आहे. ते ओघाने येईलच.

ग्रीग यांचा जन्म १५ जून १८४३ रोजी बर्गन येथे झाला. त्यांचे पणजोबा स्कॉटलंडहून येऊन बर्गनला स्थायिक झालेले व्यापारी. वडील अलेक्झांडर हेही व्यापारी असून तेथील ब्रिटिश वकिलातीचे काम पाहत. आई गेसिने उत्तम पियानो वाजवीत व शिकवीत असत. मुलाचा पहिला गुरू तीच.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. ग्रीग जन्मले तेव्हा नॉर्वेच्या भूमीवर यहुद्याला पाऊल ठेवण्याची मनाई होती. १८१४ साली त्या देशाने स्वतःची राज्यघटना केली. इतर बाबतींत ती त्या काळच्या मानाने उदार होती, परंतु तिच्या दुसऱ्याच कलमात यहुद्यांना देशात प्रवेश नाही असे लिहिले होते. हेनरिक वेर्गेलान्ड नावाच्या कवीने हे कलम काढून टाकण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षे झुंज दिली. १८४५ साली ते वारले आणि १८५१ साली बंदी उठली. त्या वेळी लहानगा एडवर्ड आठ वर्षांचा होता.

शाळेत एडवर्डचे मन रमत नसे. बर्गनला पाऊस फार. आपल्या कोकणातला पावसाळा चार महिन्यांत आटोपतो, तेथे तो बाराही महिने पाहुण्यासारखा येत असतो. भिजून आलेल्या मुलाला कपडे बदलण्यासाठी घरी पाठवीत, हे एडवर्डने हेरले. मग वाटेत एखाद्या घराच्या पन्हळीखाली उभे राहून तो स्वतःला ओलेचिंब करून घेई. एके दिवशी पाऊस अगदी बारीक असताना हे महाशय निथळत वर्गात आले आणि बिंग फुटले. जन्मभर मुलांना शिकवल्यानंतर आम्ही एवढे म्हणू शकतो की असा विद्यार्थी प्रत्येक शिक्षकाला एकदा तरी भेटतो. त्याच्या अंगी काय दडलेले आहे हे मात्र दरवेळी ओळखता येत नाही.

ते ओळखले एका व्हायोलिनवादकाने. ओले बुल हे त्या काळी युरोप-अमेरिकेत गाजलेले नाव. ते ग्रीग यांच्या आईकडून नात्यातले. १८५८ च्या उन्हाळ्यात ते घरी आले, त्यांनी मुलाचे वादन ऐकले आणि त्याला जर्मनीत लाइपझिगच्या संगीत विद्यालयात धाडा, असा आईवडिलांना आग्रह केला. पंधरा वर्षांचा एडवर्ड त्याच वर्षी परदेशी निघाला.

हे विद्यालय १८४३ साली, म्हणजे ग्रीग यांच्या जन्मवर्षीच, फेलिक्स मेंडेल्सन यांनी स्थापले होते. मेंडेल्सन हे प्रसिद्ध यहुदी तत्त्वज्ञ मोझेस मेंडेल्सन यांचे नातू, जरी त्यांचा बाप्तिस्मा लहानपणीच झाला होता. तेथे ग्रीग यांना पियानो शिकविणाऱ्यांत इग्नाझ मोशेलेस हे होते. तेही प्रागच्या यहुदी घराण्यात जन्मलेले. विद्यालयाची शिस्त कडक, आणि ग्रीग पुढे तिच्याविषयी कुरकुर करीत. पण विद्या त्यांना तेथेच मिळाली. १८६० साली ते फुप्फुसाच्या विकाराने इतके आजारी पडले की डावे फुप्फुस कायमचे निकामी झाले. उरलेले आयुष्य त्यांनी एकाच फुप्फुसावर काढले. त्यांची उंचीही जेमतेम पाच फूट. पुढे युरोपभर फिरून शेकडो मैफली केलेला माणूस असा होता.

शिक्षण संपवून ते डेन्मार्कला कोपनहेगन येथे राहिले. तेथे त्यांना रिकार्ड नोरद्राक हा तरुण मित्र भेटला. नॉर्वेच्या राष्ट्रगीताची चाल ह्याचीच. आपल्या देशाच्या लोकगीतांत आणि खेड्यांतल्या नाचांत खरे संगीत आहे, जर्मनांची नक्कल कशाला, हा विचार त्याने ग्रीग यांच्या मनात पक्का केला. नोरद्राक १८६६ साली अवघ्या तेविसाव्या वर्षी वारला. तो विचार घेऊन ग्रीग पुढे चालले.

१८६७ साली त्यांनी आपली मामेबहीण निना हागेरुप हिच्याशी लग्न केले. निना गायिका होती आणि ग्रीग यांची बरीच गीते तिच्याच गळ्यासाठी रचलेली आहेत. पुढच्या वर्षी अलेक्झांड्रा ही मुलगी झाली. त्याच उन्हाळ्यात, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी पियानो आणि वाद्यवृंदासाठी ती रचना लिहिली जी आजही जगभर वाजवली जाते. एप्रिल १८६९ मध्ये कोपनहेगनला ती प्रथम वाजली आणि नाव झाले. मे महिन्यात तेरा महिन्यांची अलेक्झांड्रा आजारी पडून गेली. त्यानंतर त्या घरात पाळणा हलला नाही.

१८७४ साली सरकारने त्यांना दरसाल सोळाशे क्रोनरचे मानधन सुरू केले. त्याच वर्षी नाटककार इब्सेन यांनी आपल्या 'पेर ग्युंट' या नाटकास संगीत देण्यास सांगितले. ते नाटक २४ फेब्रुवारी १८७६ रोजी रंगभूमीवर आले. त्यातली 'सकाळ' ही धून आपल्यापैकी बहुतेकांनी रेडिओवर किंवा दूरदर्शनवर नाव न कळता ऐकलेली असेल. ती ऐकून लोकांना नॉर्वेची बर्फाळ पहाट आठवते. खरे तर नाटकातला तो प्रवेश आफ्रिकेच्या किनाऱ्यावर घडतो.

बरीच वर्षे बिऱ्हाड हलवल्यानंतर १८८५ च्या वसंतात ग्रीग पतिपत्नी बर्गनच्या दक्षिणेस नोरदोस तळ्याकाठी स्वतःच्या घरात राहावयास आली. घराचा आराखडा त्यांचे आप्त शाक बुल यांनी केला. हिवाळ्यात दौऱ्यावर जावयाचे आणि उन्हाळा येथे काढावयाचा, असा क्रम पुढे बावीस वर्षे चालला. म्हणूनच हे घर उन्हाळ्यातच पाहावे. घर लाकडी आहे, वर छोटा मनोरा व ध्वज लावण्याची काठी. दिवाणखान्याच्या भिंतींना रंग नाही, लाकूड तसेच उघडे ठेवलेले. तेथला मोठा पियानो १८९२ साली लग्नाच्या रौप्यमहोत्सवाची भेट म्हणून आलेला आहे. १८९६ साली लिहिलेली 'ट्रोल्डहाउगनमधील लग्नाचा दिवस' ही रचना त्या सोहळ्याची आठवण देते.

उन्हाळा आला की घरात पाहुण्यांची वर्दळ. ग्रीग यांना तर काम करताना कोणी ऐकते आहे ही शंकाही सहन होत नसे. म्हणून तळ्याच्या काठाशी त्यांनी एका खोलीची झोपडी बांधून घेतली. आत एक साधा पियानो, बसण्यास बाक, आणि खिडकीशी टेबल, समोर पाणी. पियानोपर्यंत हात पोहोचावा म्हणून खुर्चीवर बेथोव्हेनच्या रचनांचे जाड पुस्तक ठेवून ते त्यावर बसत. हिवाळ्यासाठी निघताना चोरांना उद्देशून चिठ्ठी ठेवीत की हे कागद माझ्यावाचून कोणाच्या कामाचे नाहीत, तेवढे सोडून जावेत. घरालगतच्या संग्रहालयात त्यांचा एक चिमुकला बेडूकही आहे. मैफलीला जाताना तो खिशात असे आणि मंचावर जाण्यापूर्वी शुभशकुन म्हणून ते तो हाताने चोळीत.

मंचावर जाण्याची एवढी धास्ती बाळगणारा हा माणूस एकदा असा उभा राहिला की आपण त्याला विसरता कामा नये.

कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफस यांची हकीकत आपल्या वाचकांना ठाऊक आहे. फ्रेंच सैन्यातल्या या निरपराध यहुदी अधिकाऱ्याला डिसेंबर १८९४ मध्ये देशद्रोही ठरवण्यात आले आणि सैतान बेटावर कैदेत टाकण्यात आले. जानेवारी १८९५ मध्ये त्यांची पदचिन्हे जाहीरपणे उतरवली गेली, तेव्हा वार्ताहर म्हणून पॅरिसमध्ये असलेल्या थिओडोर हर्झल यांच्या मनावर त्याचा काय परिणाम झाला, तेही आपण जाणतो. खरा गुन्हेगार कोण हे उघड झाल्यावरही ९ सप्टेंबर १८९९ रोजी रेन शहरातल्या लष्करी न्यायालयाने ड्रेफस यांना पुन्हा दोषी ठरवले.

त्या दिवसांत ग्रीग आपले मित्र, नॉर्वेचे थोर लेखक ब्यॉर्न्सन यांच्या आउलेस्ताद येथील घरी पाहुणे होते. तेथे त्यांना पॅरिसचे वाद्यवृंदप्रमुख एदुआर कोलोन यांचे निमंत्रण आले की आमच्या मैफलीत येऊन आपल्या रचना सादर कराव्यात. कोलोन हे स्वतः बोर्डो शहरातल्या यहुदी कुटुंबात जन्मलेले. पॅरिसमध्ये असा मान मिळावा म्हणून कलावंत वर्षानुवर्षे झुरत. ग्रीग यांनी ऑक्टोबरच्या आरंभी नकार लिहून पाठवला. ज्या देशात न्यायाची अशी विटंबना झाली, तेथल्या श्रोत्यांसमोर मी सध्या उभा राहू शकत नाही, असा त्या पत्राचा आशय होता.

पुढे त्यांच्या संमतीने ते पत्र फ्रँकफुर्टच्या एका वर्तमानपत्रात छापले गेले आणि तेथून युरोपभर पसरले. मग फ्रान्समधून शिव्याशापांची पत्रे येऊ लागली. कित्येकांनी तर त्यांना यहुदीच ठरवून टाकले. ग्रीग काही यहुदी नव्हते. ड्रेफस यांची व त्यांची ओळखदेख नव्हती. गप्प बसते तर कोणी त्यांना जाब विचारला नसता. प्रकृती बरी नाही, एवढे कळवले असते तरी निमंत्रण टळले असते, आणि ते खोटेही ठरले नसते. त्यांनी खरे कारण लिहिले.

चार वर्षांनी कोलोन यांनी पुन्हा बोलावले आणि ग्रीग गेले. १९ एप्रिल १९०३ रोजी पॅरिसच्या शातले नाट्यगृहात ते वाद्यवृंदासमोर येताच टाळ्यांबरोबर शिट्ट्यांचा व आरोळ्यांचा गदारोळ उठला. त्यांनी माफी मागावी अशी ओरड झाली. एकोणसाठ वर्षांचा तो एका फुप्फुसाचा माणूस शांत उभा राहिला, आणि मग त्याने वादन सुरू केले. दंगा करणाऱ्यांना बाहेर काढण्यात आले. मैफल पुरी झाली आणि शेवटी टाळ्यांचा कडकडाट झाला. तरी नाट्यगृहाबाहेर गाडीपर्यंत त्यांना पोलिसांच्या रांगांमधून जावे लागले. माफी त्यांनी मागितली नाही. जुलै १९०६ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने ड्रेफस यांना पूर्ण निर्दोष ठरवले. ते पाहण्यास ग्रीग हयात होते.

१९०७ च्या शरदात त्यांना इंग्लंडला जावयाचे होते. निघण्यासाठी ते बर्गनला आले, पण डॉक्टरांनी बोटीऐवजी रुग्णालयात पाठवले. तेथे ४ सप्टेंबर रोजी त्यांचे निधन झाले. अंत्ययात्रेला बर्गनचे रस्ते माणसांनी भरून गेले होते. ट्रोल्डहाउगनला तळ्याकाठच्या उभ्या कड्यात एक कोनाडा कोरून त्यांच्या अस्थी ठेवल्या आहेत. पुढे निनाबाईंना खर्च झेपेना म्हणून घर विकावे लागले. ग्रीग यांच्या एका आप्ताने ते घेऊन गावाच्या स्वाधीन केले आणि १९२८ साली ते लोकांना खुले झाले. १९३५ साली निनाबाई वारल्या. त्यांच्या अस्थीही त्याच कोनाड्यात आहेत.

ज्यांना जावयाचे असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. बर्गनच्या मध्यभागातून ट्रामने हॉप थांब्यावर उतरावे आणि तेथून वीस-पंचवीस मिनिटे चालावे. छत्री जवळ हवीच. घराशेजारी १९८५ साली सुमारे दोनशे खुर्च्यांचे सभागृह बांधले आहे. छपरावर गवत असल्याने ते टेकडीचाच भाग वाटते. पियानोच्या मागची भिंत काचेची, तिच्यातून ग्रीग यांची झोपडी आणि तळे दिसते. उन्हाळ्यात तेथे दुपारी छोट्या मैफली होतात.

उरलेली दोन घरे बर्गनच्याच परिसरात आहेत. लीसोएन बेटावर ओले बुल यांनी १८७३ साली बांधलेला, कांद्याच्या आकाराच्या घुमटाचा वाडा आहे. सिल्युस्टोल हे हाराल्ड सेव्हेरुद यांचे दगडी-लाकडी घर. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी नॉर्वे व्यापले असताना सेव्हेरुद यांनी प्रतिकार करणाऱ्या देशबांधवांना अर्पण केलेली रचना लिहिली. त्याच काळात, नोव्हेंबर १९४२ मध्ये, ऑस्लोच्या बंदरातून पाचशेहून अधिक यहुद्यांना बोटीत घालून ऑशविट्झकडे नेण्यात आले. त्यांतले परतलेले अगदी थोडे.

म्हणून आम्हांस ग्रीग यांचे पत्र मोलाचे वाटते. ज्या देशाने त्यांच्या जन्मसमयी आपल्या लोकांना दार बंद केले होते, त्याच देशाचा हा पुत्र एका अनोळखी यहुद्यासाठी शिव्या खाण्यास तयार झाला. नेहमीच्या प्रवाशाने ट्रोल्डहाउगनला जाऊन संगीत ऐकावे व तळे पाहावे. आपल्यापैकी जो जाईल त्याने त्या कड्यापाशीही क्षणभर थांबावे आणि परंपरेप्रमाणे एक लहानसा खडा तेथे ठेवून यावे. त्यांच्या स्मृतीस आमचे आदरपूर्वक अभिवादन.