विमानातल्या चहाचा रंगही तपासणारे जेआरडी टाटा

बहिणाबाईंचं माहेर असलेल्या असोद्यातून एखादे आई-बाबा अमेरिकेतल्या लेकाकडे निघाले, तर त्यांना विमानाच्या इंजिनाचं टेन्शन नसतं. टेन्शन असतं ते वेगळंच. शाकाहारी जेवण मिळेल का, चहा कसा असेल, पाय आखडले तर काय करायचं आणि विमान मध्येच भलत्या गावात उतरलं तर कुणाला विचारायचं?

हे प्रश्न महत्त्वाचे आहेत असं मानून त्यासाठी आयुष्यभर डोकं लावणारा एक माणूस आपल्याकडे होऊन गेला. त्यांचं नाव जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा, म्हणजेच जेआरडी.

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ चा, पॅरिसचा. आई फ्रेंच, वडील पारशी. फ्रान्सच्या किनाऱ्यावर सुट्टीला जायचे, तिथं शेजारी होते लुई ब्लेरिओ. १९०९ मध्ये विमानानं इंग्लिश खाडी ओलांडणारा पहिला माणूस. पोरगं विमानाच्या नादाला लागलं ते तिथंच. १० फेब्रुवारी १९२९ ला त्यांना वैमानिकाचं लायसन्स मिळालं. भारतात दिलेलं ते पहिलंच लायसन्स.

१५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन ते एकटेच निघाले. अहमदाबादला बैलगाडीतून आणलेलं पेट्रोल भरलं आणि मुंबईच्या जुहूला उतरले. टाटांची नियमित हवाई टपालसेवा इथून सुरू झाली.

पण जुहूला धड धावपट्टीच नव्हती. पावसाळा आला की मैदानात पाणी साचायचं. मग टाटांनी काय केलं? पावसाळ्यापुरता मुक्काम थेट पुण्याला हलवला. आज विमान दुसरीकडे वळवलं की आपण वैतागतो, त्यांनी मात्र त्याचं आधीच नियोजन करून टाकलं होतं. पहिल्या वर्षी त्यांची सेवा वेळेच्या बाबतीत शंभर टक्के पक्की राहिली आणि सरकारी अहवालातही तिचं कौतुक झालं.

८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं. स्पर्धा होती ती गोऱ्यांच्या बड्या कंपन्यांशी. पैसा आणि विमानं त्यांच्याकडे जास्त. मग आपण जिंकायचं कशावर? जेआरडींचं उत्तर होतं, वेळ आणि पाहुणचार.

१९५३ मध्ये सरकारनं विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं. जेआरडींचा त्याला विरोध होता. स्वतः उभी केलेली कंपनी हातातून गेली होती. तरीही त्यांनी एअर इंडियाचं अध्यक्षपद घेतलं आणि तेही पगार न घेता.

ते विमानात बसले की हातात वही असायची. चहा इतका काळा की कॉफीपासून ओळखू येत नाही, अमुक सीट जास्त मागे जाते आणि तमुक कमी, असल्या नोंदी ते करायचे आणि उतरल्यावर अधिकाऱ्यांना कळवायचे. देशातल्या सगळ्यात मोठ्या उद्योगसमूहाचा प्रमुख चहाच्या रंगावर पत्र लिहितोय, हे अनेकांना अजब वाटायचं. पण दहा-बारा तास एकाच खुर्चीत अडकलेल्या माणसासाठी तो चहाच मोठी गोष्ट असते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

१४ मे १९६० ला एअर इंडियाचं बोइंग ७०७ लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागलं आणि आपली कंपनी अटलांटिकवर पोचली.

अटलांटिक ओलांडणं तेव्हा किती अवघड होतं? अमेरिकेकडे जाताना वारा समोरून येतो. त्यामुळे इंधन जास्त जळतं. पंख्याच्या इंजिनांची जुनी विमानं आयर्लंडच्या शॅनन आणि कॅनडाच्या गँडरला तेल भरायला उतरायची. जेट आल्यावर हे थांबे कमी झाले. पण इंजिनात बिघाड झाला, हवा बिघडली किंवा प्रवाशाची तब्येत ढासळली, तर आजही वैमानिक गँडर, शॅनन किंवा आइसलँडच्या केफ्लाविकसारख्या ठिकाणी विमान वळवतात. कुठल्या टप्प्यावर कुठं उतरायचं, हे उड्डाणाआधीच ठरलेलं असतं. म्हणजे विमान वळवणं ही फजिती नसते, ती सुरक्षेची तयारी असते. त्यानंतर प्रवाशांना कसं सांभाळलं जातं, यावर कंपनीची खरी परीक्षा होते.

१९६२ मध्ये एअर इंडियाच्या ताफ्यात फक्त जेट विमानं उरली. १९७१ मध्ये आलं जंबो जेट ‘एम्परर अशोक’. त्याच्या खिडक्यांभोवती राजवाड्यातल्या झरोक्यांसारखी नक्षी रंगवली होती.

हेच विमान १ जानेवारी १९७८ ला मुंबईहून उडाल्यावर वांद्र्याजवळ समुद्रात कोसळलं. आतले सगळे २१३ जण गेले. त्यानंतर महिन्याभरातच मोरारजी देसाईंच्या सरकारनं जेआरडींना अध्यक्षपदावरून दूर केलं. ज्या कंपनीला ४५ वर्षं दिली, तिथून त्यांना असं बाहेर पडावं लागलं. हा घाव खोल होता.

१९८० मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारनं त्यांना संचालक मंडळावर परत घेतलं, पण अध्यक्षपद पुन्हा मिळालं नाही. १५ ऑक्टोबर १९८२ ला, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी कराची ते मुंबई तोच प्रवास पुन्हा एकट्यानं केला. १९९२ मध्ये भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ ला जिनिव्हात ते गेले.

२७ जानेवारी २०२२ ला एअर इंडिया परत टाटांकडे आली. पण विमानात बसलेल्या असोद्याच्या आईला कंपनी कुणाची, याच्याशी देणंघेणं नसतं. तिला चहा गरम हवा असतो आणि विमान भलतीकडे उतरलं तर आपल्या भाषेत धीर देणारं कुणीतरी हवं असतं. जेआरडींच्या वहीत नेमक्या अशाच गोष्टींना जागा होती.