डॉक्टर प्रफुल्लकुमार सेन

विहिरीवरचा पंप बंद केल्यावांचून त्याची झडप बदलतां येत नाहीं, हें आमच्या खेड्यांतील वाचकांस सांगावयास नको. मनुष्याचें हृदय हाही एक पंपच होय. परंतु तो थोडीं मिनिटें जरी थांबला, तरी मेंदूस रक्त न मिळून मनुष्य दगावतो. ह्या एका अडचणीमुळें शल्यवैद्यांनीं शरीराच्या बहुतेक भागांस हात घातला, तरी हृदय उघडून आंतील बिघाड दुरुस्त करणें त्यांस शेंकडों वर्षें साधलें नाहीं. आपल्या महाराष्ट्रांत ज्यांनीं हें काम अंगावर घेतलें, त्यांपैकीं एका गृहस्थांचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रफुल्लकुमार सेन हे जन्मानें बंगाली. त्यांचा जन्म इ. स. १९१५ सालीं झाला. त्यांचें वैद्यकीय शिक्षण मुंबईस परळ येथील शेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयांत झालें व त्यास जोडलेल्या के. ई. एम. रुग्णालयांत त्यांचें बहुतेक आयुष्य गेलें. ह्या दोन संस्था १९२६ सालीं सुरू झाल्या. महाविद्यालयास देणगी देणाऱ्यांनीं अशी अट घातली होती कीं, तेथें शिकविणारे सर्व हिंदी लोकच असावेत. आपल्या लोकांस ही विद्या झेपणार नाहीं असें म्हणणारे त्या काळीं पुष्कळ होते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ह्या अटीचें महत्त्व कळतें.

पुढें सेन अधिक शिक्षणाकरितां अमेरिकेंत फिलाडेल्फिया शहरीं गेले. त्याच शहरांत डॉक्टर जॉन गिबन हे हृदय व फुप्फुस ह्यांचें काम बाहेरून करणारें यंत्र बनविण्याच्या खटपटींत होते. शरीरांतील मोठ्या शिरांतून मळकट रक्त यंत्रांत घ्यावयाचें, तेथें त्यांत प्राणवायु मिसळावयाचा व पंपानें तें पुन्हां धमनींत सोडावयाचें, अशी ही युक्ति. रक्त गोठूं नये म्हणून आधीं औषध द्यावें लागतें. १९५३ सालच्या मे महिन्याच्या ६ तारखेस गिबन ह्यांनीं अठरा वर्षांच्या एका मुलीच्या हृदयांतील छिद्र शिवलें. त्या वेळीं २६ मिनिटें तिचा प्राण केवळ यंत्रावर होता. आणि ती वांचली. ह्याच्या दहा वर्षें आधीं, १९४३ सालीं, जर्मनांच्या ताब्यांत असलेल्या हॉलंडांत डॉक्टर कोल्फ ह्यांनीं मांसाचे पदार्थ भरण्याच्या सेलोफेनच्या नळीपासून मूत्रपिंडाचें यंत्र तयार केलें होतें. कृत्रिम अवयवांची विद्या अशा साध्या वस्तूंपासून वाढली, हें आम्हांस मोठें नवल वाटतें.

सेन मुंबईस परतले तेव्हां त्यांच्यापुढें असे रोगी येत, कीं ज्यांस लहानपणीं घसा दुखून सांधे सुजत, ताप येई, आणि कांहीं वर्षांनीं हृदयाची झडप आकसून धाप लागे. हा रोग दाटीनें राहणाऱ्या गरिबांत अधिक. प्रथम सेन ह्यांनीं हृदय चालूं असतांनाच आंत बोट घालून अशी आकसलेली झडप मोकळी करण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. नंतर रोग्याचें सर्व शरीर थंड करून, म्हणजे मेंदूस रक्ताची गरज कमी करून, त्या अवधींत हृदय उघडण्याची रीत त्यांनीं हातीं घेतली. यंत्र त्यानंतर आलें. तें परदेशाहून आणावें तर खर्च भारी. एखादा सुटा भाग बिघडला कीं काम अडे. आणि यंत्र भरावयासच रक्ताच्या अनेक बाटल्या लागत, त्या मिळविणें सोपें नव्हतें. मुंबईंतच कांहींनीं परदेशाकडे न पाहतां येथल्या येथें यंत्र जुळविण्याचा उद्योग केला. आरंभींचे अनेक रोगी वांचले नाहींत. तरी १९६० नंतरच्या थोड्या वर्षांत हें काम येथें स्थिरावलें.

सेन ह्यांची बुद्धि चाकोरींतील नव्हती. सापाच्या हृदयास मनुष्याप्रमाणें रक्तवाहिन्यांचें दाट जाळें नसतें. आंतील पोकळींतील रक्तच स्पंजासारख्या भिंतींत झिरपतें. हें पाहून, ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या बंद पडल्या आहेत त्यांच्या हृदयाच्या भिंतीस सुईनें बारीक छिद्रें पाडावीं, असें त्यांनीं सुचविलें व १९६५ सालीं तें छापून प्रसिद्ध केलें. पुढें अमेरिकेंत हीच छिद्रें लेसर किरणांनीं पाडूं लागले व १९९८ सालीं त्या उपायास तेथें सरकारी मान्यता मिळाली. तो उपाय फारसा रूढ झाला नाहीं, ही गोष्ट निराळी.

त्याच १९६५ सालीं त्यांनीं मृत मनुष्याचें मूत्रपिंड दुसऱ्यास बसवून पाहिलें, आणि आपले सहकारी डॉक्टर पारुळकर वगैरेंसह कुत्र्यांवर केलेल्या हृदयरोपणाच्या १०० प्रयोगांची हकीकत छापली. म्हणून १९६७ च्या डिसेंबरांत दक्षिण आफ्रिकेंत डॉक्टर बर्नार्ड ह्यांनीं मनुष्याचें हृदय मनुष्यास बसविलें, तेव्हां सेन तयारींत होते. १९६८ च्या फेब्रुवारीच्या मध्यास त्यांनीं के. ई. एम. मध्यें तीच शस्त्रक्रिया केली. सर्व जगांत ती सहावी होती. नवें हृदय चालूं लागलें. परंतु रोग्याच्या फुप्फुसांतील रक्ताचा दाब फार वाढलेला असल्यामुळें तें दमलें, व सुमारें तीन तासांनीं रोगी वारला. त्याच वर्षीं सप्टेंबरांत पुन्हां प्रयत्न झाला. तो रोगी कांहीं तासच जगला. त्यानंतर सेन ह्यांनीं ही शस्त्रक्रिया केली नाहीं.

आम्हांस ह्या चरित्रांत विशेष वाटतें तें हें, कीं त्यांनीं दोन्ही अपयशें झांकलीं नाहींत. काय केलें, कोठें चुकलें, हृदय कां थांबलें, हें सर्व त्यांनीं व त्यांच्या मंडळीनें वैद्यकीय मासिकांत लिहून ठेवलें. तें लिखाण राहिलें म्हणूनच अलीकडे अमेरिकेंतील इतिहासकारांस मुंबईच्या ह्या खटपटीचा इतिहास लिहितां आला. नाहीं तर यशाचीच तारीख लोकांच्या ध्यानांत राहते. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत १९७१ सालीं मूत्रपिंडरोपण यशस्वी झालें, तें पुष्कळांस ठाऊक आहे. परळचा १९६५ चा प्रयत्न थोड्यांसच. आणि यंत्रांची गत कागदांहून वाईट. नवें आलें कीं जुनें भंगारांत जातें. आमच्या मिशनच्या दवाखान्यांत कोणापाशीं जुनीं रजिस्टरें वा उपकरणें असतील, तर तीं वाळवीच्या स्वाधीन करण्यापूर्वीं त्यांनीं दोनदां विचार करावा.

सेन ह्यांस चित्रकलेचा नाद होता. १९६९ सालीं सरकारनें त्यांस पद्मभूषण ही पदवी दिली. १९८२ सालीं ते निवर्तले. मेंदू मृत झालेल्या मनुष्याचे अवयव घेण्यास परवानगी देणारा कायदा १९९४ सालीं झाला, व त्याच वर्षीं ३ ऑगस्ट रोजीं दिल्लीस डॉक्टर वेणुगोपाल ह्यांनीं बसविलेलें हृदय टिकलें. दात्यांचे अवयव योग्य रोग्यांस वांटून देण्याची व्यवस्था पाहणारें एक केंद्र आतां नागपुरासही आहे.